‘पोट साफ ठेवा, गोळ्या सोडा’ या फॉरवर्डवरून

ए-४०२ काकू: नमस्कार मंडळी. भावजयीने एक फॉरवर्ड पाठवलाय. पार्किन्सन हा मेंदूचा नाही, पोटातल्या जंतूंचा आजार आहे. रोज ताक आणि एनिमा घ्या, कंप थांबतो, गोळ्या सोडा, असं त्यात आहे. परदेशी विद्यापीठाचं नावही दिलंय. आमच्या ह्यांना पार्किन्सन आहे आणि तीन-तीन दिवस शौचाला होत नाही, म्हणून मला ते पटायला लागलंय. दुपारी जेवणानंतर तर हात फारच थरथरतो. ती दुपारची गोळी बंद करून बघू का?

सी-२०३ ताई: काकू, गोळी बंद करू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय अर्धीही करू नका. त्या गोळीतलं मुख्य औषध म्हणजे लेव्होडोपा, ते अचानक थांबवलं तर अंग ताठ होऊन तीव्र ताप येऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. कॉलेजात आहे, संध्याकाळी सविस्तर लिहिते.

बी-३०५ दादा: ताईंचं अगदी बरोबर. दुकानात लोक कवचबीजाचं चूर्णही मागतात, ‘आयुर्वेदिक आहे, चालेल’ म्हणून. खाजकुहिलीच्या त्या बियांत खरोखरचं लेव्होडोपा असतं. गोळी चालू असताना वरून ते घेतलं तर डोस वाढतो. घेत असाल तर डॉक्टरांना सांगाच.

सी-२०३ ताई: आले घरी. काकू, पोट आणि पार्किन्सनचा संबंध खरा आहे. फॉरवर्डने त्यावरून काढलेला अर्थ चुकीचा आहे.

जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये लंडनला या आजारावर निबंध लिहिला, त्यातही रुग्णांच्या बद्धकोष्ठतेचा उल्लेख आहे. पुष्कळ रुग्णांत ही तक्रार कंपाच्या कितीतरी वर्षं आधीपासून असते. २००३ मध्ये जर्मनीतल्या हाइको ब्राक यांनी अंदाज मांडला की अल्फा-सिन्यूक्लिन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या काही जणांत आधी आतड्यातल्या मज्जापेशींत होत असाव्यात आणि व्हेगस नावाच्या नसेतून हा बिघाड वर मेंदूकडे सरकत असावा. सगळ्याच रुग्णांना हे लागू पडत नाही.

जंतूंचा मोठा प्रयोग २०१६ चा, कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमधला. हे प्रथिन जास्त तयार होईल असे उंदीर त्यांनी पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवले, तर त्यांच्या हालचाली तितक्या बिघडल्या नाहीत. मग काहींच्या पोटात पार्किन्सनच्या रुग्णांचे जंतू सोडले, काहींच्या पोटात निरोगी माणसांचे. रुग्णांचे जंतू मिळालेले उंदीर जास्त अडखळले. जंतूंचा या आजारात हात असू शकतो, असं त्यावरून नक्की म्हणता येतं. पण ते उंदीर मुळातच आजाराकडे झुकलेले होते, त्यामुळे जंतूंनीच आजार सुरू होतो हे त्यातून सिद्ध होत नाही.

डी-६०१ वहिनी: मग माणसांत जंतू बदलून पाहिलेत का कुणी?

सी-२०३ ताई: हो, निरोगी माणसाच्या विष्ठेतले जंतू रुग्णाच्या आतड्यात सोडून. २०२४ मध्ये दोन चाचण्यांचे निकाल आले. बेल्जियममध्ये गेंटला ४६ रुग्ण होते, वर्षभराने हालचालींत थोडीशी सुधारणा दिसली. फिनलंडच्या चाचणीत फायदा दिसला नाही. यावर कुणी औषध सोडावं असं काहीच नाही.

ए-१०१ आजोबा: माझंही पोट जन्मभर असंच. म्हणजे मलाही होणार का? वाचून धास्ती वाटली.

सी-२०३ ताई: आजोबा, घाबरू नका. होनोलुलूमध्ये ६,७९० पुरुषांवर २४ वर्षं लक्ष ठेवलं होतं. ज्यांना रोज शौचाला होत नव्हतं त्यांच्यात पार्किन्सनचं प्रमाण रोज एकदा होणाऱ्यांच्या २.७ पट होतं, हे खरं. पण सगळे मिळून आजार झाला फक्त ९६ जणांना. पोटाची तक्रार घरोघरी असते, त्यातल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही.

काकू, तुमच्यासाठी खरं महत्त्वाचं पुढे आहे. लेव्होडोपा शोषलं जातं लहान आतड्यात. जठर हळू रिकामं होत असेल तर गोळी तिथे उशिरा पोचते. शिवाय २०१९ मध्ये हार्वर्डच्या एमिली बाल्स्कस यांच्या गटाने दाखवलं की एन्टरोकॉकस फीकॅलिस नावाचा आतड्यातला जंतू लेव्होडोपाचं वाटेतच डोपामिन (हालचालींसाठी मेंदूत लागणारं, या आजारात कमी पडणारं रसायन) करून टाकतो, आणि आतड्यात तयार झालेलं डोपामिन मेंदूत शिरू शकत नाही. गोळीत कार्बिडोपा असतं ते शरीरातली ही क्रिया रोखायला, जंतूची मात्र त्याने फारशी अडत नाही. एकच डोस एकाला पुरतो आणि दुसऱ्याला पुरत नाही, याचं हे एक कारण असू शकतं. म्हणून काकांचं पोट सुधारायलाच हवं, पण ते गोळी नीट लागू पडावी म्हणून.

बी-१०४ काका: मग अँटिबायोटिक देऊन तो जंतू मारून टाकला तर?

सी-२०३ ताई: नको काका. बाकीचे उपयोगी जंतूही मरतात आणि जुलाब लागले तर वेगळीच आफत. असा उपचार आज कुणी सुचवत नाही.

डी-६०१ वहिनी: काकू, माझ्या सासूबाईंना हाच आजार होता. दुपारी गोळी आणि डाळ-उसळ एकदम पोटात गेली की त्यांना गोळी लागूच पडायची नाही. प्रथिनं आणि लेव्होडोपा यांची शोषून घेताना स्पर्धा होते, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग जेवणाआधी अर्धा-पाऊण तास गोळी द्यायला लागलो आणि फरक दिसला. ह्यांची गोळी जेवणाबरोबर जाते का? आठवडाभर गोळीची वेळ, जेवण, शौच आणि कंप कधी वाढला, एवढं वहीत लिहून ठेवा. डॉक्टर त्यावरून वेळा बदलून देतील.

ए-४०२ काकू: हो गं, जेवणाबरोबरच देते! ह्यांना मळमळतं म्हणून. आजपासून लिहून ठेवते. बुधवारी दाखवायचंय. इसबगोल चालेल ना तोवर?

सी-२०३ ताई: मळमळीचंही डॉक्टरांना सांगा, त्यावर उपाय असतो. इसबगोलाबरोबर पाणी भरपूर लागतं, नाहीतर उलट अडकतं. काकांना पाणी पिताना ठसका लागतो का? लागत असेल तर इसबगोल सुरू करण्याआधी डॉक्टरांना फोन करून विचारा.

ए-४०२ काकू: लागतो कधीकधी. मग आत्ताच फोन करते.

डी-६०१ वहिनी: बुधवारी मी गाडी काढते, रिक्षा शोधू नका.