जाहिरातपत्रांना राजभेटींच्या शेजारी जागा द्यावी का?

मूळ मत :
जेफरसन बर्डिक या सिरॅक्यूजच्या कामगाराने १९४७ पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला तीन लाखांहून अधिक छापील कार्डे दिली. संधिवात असूनही १९६३ च्या जानेवारीपर्यंत ते ती स्वतः वह्यांत चिकटवत राहिले आणि मार्चमध्ये त्यांचे निधन झाले. दुकानदार फुकट वाटत आणि मुले जपून ठेवत, अशी एकोणिसाव्या शतकातील रंगीत शिळाछापाची जाहिरातपत्रेही त्या संग्रहात आहेत. माझ्या मते, एका देशाने दुसऱ्याला दिलेल्या राजनैतिक भेटवस्तूंना संग्रहालयात मिळतो तो मान या पत्रांनाही मिळाला पाहिजे, कारण भेटवस्तू देणारा स्वतःला हवा तसा दाखवतो, तर जाहिरात गिऱ्हाइकाचे मन ओळखून छापलेली असते. कपडे धुण्याच्या 'मॅजिक वॉशर'च्या १८८६ मधील जाहिरातीत अंकल सॅम, म्हणजे अमेरिकेचे प्रतीक असलेला म्हातारा, चिनी माणसाला लाथ मारून हाकलताना दिसतो. चिनी मजुरांना प्रवेशबंदी करणारा अमेरिकेचा कायदा १८८२ चा. पण तो द्वेष बाजारात किती उघडपणे खपत होता, हे कायद्याच्या कलमांतून कळत नाही.

विरोधी मत :
'मॅजिक वॉशर'चे ते चित्र मोलाचे आहे, हे मी नाकारत नाही. तरीही वस्तूला ऐतिहासिक पुरावा म्हणून वजन येते ते तिच्यामागच्या नोंदीमुळे. मार्च १८५४ मध्ये जपानमधील योकोहामा येथे अमेरिकी नौदलाचे कमोडोर पेरी यांनी जपान्यांना वाफेचे छोटे इंजिन, त्याचे रूळ आणि तारयंत्र दिले, जपान्यांनी लाखकामाच्या वस्तू आणि रेशीम दिले आणि ३१ मार्चला दोन्ही देशांत कानागावाचा तह झाला. आज अमेरिकेतील स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेत असलेल्या त्या जपानी भेटी कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी दिल्या हे आपण सांगू शकतो. जाहिरातपत्रे मात्र अनेक संग्राहकांनी मुलांनी ती चिकटवलेल्या वह्यांतून पाण्यात भिजवून सोडवली, त्यामुळे ती कोणाच्या घरात आणि कोणत्या चित्राशेजारी होती, हे कायमचे पुसले गेले. बर्डिक यांच्या वह्यांतील क्रमही त्यांनी स्वतः ठरवलेला आहे.

मूळ मताचे प्रत्युत्तर :
नोंदीचा मुद्दा मला मान्य आहे, पण तो भेटवस्तूंनाही लावून पाहा. जपानी राजभेटीत तांदूळ, सुकी मासळी आणि कुत्री असतातच, असे पेरी यांच्या मोहिमेचा अधिकृत वृत्तांतच सांगतो. पेरींना भेटी दिल्या त्या दिवशी तांदळाच्या गोण्या सुमो मल्लांनी वाहून आणल्या होत्या. देणाऱ्याच्या दृष्टीने जे अपरिहार्य होते, तेच संग्रहात नाही. टिकाऊ आणि पाहुण्यांच्या नजरेला कलाकुसर वाटले तेवढेच उरले. मग पूर्ण नोंदीचा मान केवळ भेटवस्तूंना कसा द्यायचा?

आणखी एक मत :
मँचेस्टरहून मुंबईच्या बाजारात येणाऱ्या कापडाच्या ठाणांवर देवदेवतांची रंगीत लेबले असत. अक्षरओळख नसलेले गिऱ्हाईक त्या चित्रावरूनच माल ओळखत असे. असे लेबल सुटे झाले की त्याचे नुसते चित्र होते, म्हणून नोंदीचा आग्रह मला योग्य वाटतो.

विरोधी मत, पुन्हा :
तांदळाचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता आणि तो योग्य आहे. संग्रहालयात जपानी लाखकामाच्या पेटीशेजारच्या फलकावर त्या गोण्यांचा उल्लेख असायलाच हवा. सुट्या कार्डांना राजभेटींच्या शेजारी जागा देण्यास माझा विरोध मात्र कायम आहे. एखाद्या मुलीची मूळ वही जशीच्या तशी मिळाली, तर तिच्यातले एकही कार्ड न सोडवता ती त्या पेटीशेजारी ठेवण्यास माझी हरकत नाही.