सहा हजारांत बोरन्हाण आणि हळदीकुंकू जमेल का? सोलापूरकरांनो, सांगा

जुळेसोलापूरची_सून

नमस्कार मंडळी. आमच्या चिरंजीवांचं पहिलं बोरन्हाण आहे. जानेवारीत तो अकरा महिन्यांचा होईल. सासूबाईंना त्याच संध्याकाळी हळदीकुंकूही उरकायचंय. म्हणजे बायका पंचवीसेक, लेकरं दहा-बारा आणि "नुसता चहा घेऊन जातो" म्हणत येऊन बसणारे काका-मामा. चाळीस माणसं धरून चालले आहे. हातात सहा हजार आहेत आणि त्यावर एक रुपया जाणार नाही, कारण फेब्रुवारीत वाढदिवस उभाच आहे.

एका डेकोरेटरला विचारलं तर मागचा पडदा, पतंग आणि फुगे एवढ्याचेच नऊ हजार म्हणाला. वर "फोटो कसले येतील बघा मॅडम" हे फुकट. हलव्याच्या दागिन्यांचा तयार सेटही पाहिला. पुठ्ठ्यावर गोंदाने दाणे चिकटवलेले होते, दोन तर माझ्या हातातच सुटून आले. आमचं लेकरू सध्या चप्पलसुद्धा तोंडात घालतंय, त्यामुळे तो सेट बाद.

दागिने घरी जमतात का? बायकांना वाण काय द्यावं, जे घरी जाऊन माळ्यावर पडणार नाही? खायला काय ठेवू, म्हणजे मला दिवसभर गॅसपुढे उभं राहावं लागणार नाही? नवऱ्याचा हट्ट आहे की चौदा तारखेलाच करायचं. शिवणयंत्र आहे, हात बरा चालतो, गच्ची मोठी आहे.

बाळीवेसची_काकू

अगं, आधी तारखेचं बोलू, दागिने नंतर.

चौदा तारखेला सोलापुरात घरी कार्यक्रम ठेवतो तो एकतर नवखा, नाहीतर पाहुणे येऊ नयेत असं वाटणारा. तेव्हा ग्रामदैवत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते: तेराला अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, चौदाला संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धेश्वरांचं प्रतीकात्मक लग्न. सातही नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या उंच मानाच्या काठ्या, उत्तर कसब्यातल्या मानकरी हिरेहब्बूंच्या वाड्यापासून निघाले की आमच्या बाजूला रिक्षा शिरत नाही. निम्म्या घरातले पुरुष बाराबंदी (बंदांचा पांढरा अंगरखा) घालून मिरवणुकीत आणि बायका पहाटेपासून रस्त्यावर रांगोळी घालत वाकलेल्या. तुझ्याकडे हळदीकुंकवाला यायचं कुणी? संध्याकाळी तर लेकरं गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसायला रडणार. तुझे यजमान स्वतः अक्षता टाकायला जाणार आहेत का, ते विचार एकदा.

पंधराला किंक्रांत, त्या दिवशी कुणी शुभकार्य करत नाही. बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं. अठराचा रविवार मोकळा दिसेल, पण त्या दिवशी पौषाची अमावस्या आहे, सासूबाई नाक मुरडतील. २०२६ ची रथसप्तमी २५ जानेवारीला आहे आणि तोही रविवारच. तोच धर. संक्रांतीची झुंबड ओसरली की सुगडं, ऊस, हरभऱ्याच्या पेंढ्या यांचे भावही खाली येतात. लक्ष्मी मंडईत आदल्या दिवशी सकाळी गेलीस तरी सगळं मिळेल.

आता दागिने. जमतात, आणि गोंद अजिबात लागत नाही. मी दर साल भाच्या-पुतण्यांच्या लेकरांसाठी करते.

हलवा घेताना काटा बघून घे. गुळगुळीत दाणा दोऱ्यात थांबत नाही. काटेरी दाण्याच्या खाचेत दोरा बसतो आणि तोच त्याला धरून ठेवतो. सुईने भोक पाडायला जाऊ नकोस, दाणा उभा चिरतो. पांढऱ्या जाड दोऱ्याचे दोन पदर घे, टोक खिळ्याला किंवा खुर्चीच्या पाठीला बांध. दोन पदरांच्या मध्ये दाणा धरायचा आणि त्याच्या अगदी अंगाला लागून गाठ मारायची. पुढचा दाणा, पुन्हा गाठ. गाठ दाण्यापासून गव्हाभर जरी लांब राहिली तरी माळ ढिली पडते आणि झबल्यावर बसवताना दाणे निसटतात. पहिली वीतभर माळ वेडीवाकडी येईल, ती मागच्या बाजूला लाव. हाताला घाम येत असेल तर शेजारी कोरडं फडकं ठेव, कारण ओल लागली की काटा विरघळून दाणा चिकट होतो. काम दुपारी कर. झालेली माळ लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात टाक, मुंग्या आपल्यापेक्षा हुशार असतात.

मुकुटाला आणि बाजूबंदाला आतून आधार लागतो. घरात लग्नपत्रिकांचा गठ्ठा असेलच, त्यातला जाड पुठ्ठा काप, काळ्या कापडाची खोळ शिवून त्यात घाल आणि वरून माळ टाक्यांनी बसव. पतंग चिकटवायला खळ लागलीच तर मैद्याची घरी शिजव. बाइंडिंगवाल्याकडून आणू नकोस, कसर लागू नये म्हणून त्या खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात आणि मोरचूद विषारी असतं.

आता माझं खरं मत. अकरा महिन्यांच्या पोराला बाजूबंद, वाकी, कमरपट्टा, बासरी हे सगळं आपल्या हौसेचं असतं. मुकुट तो फोटोआधीच भिरकावणार. तू एक काळं झबलं शिव, गळ्यात घालायचा हार थेट झबल्याच्या छातीवर टाके घालून पक्का कर. ओढला तरी गळ्याला फास बसत नाही. टाके दर दोन दाण्यांनंतर हवेत आणि शिवून झालं की स्वतः जोर लावून ओढून बघ. मुकुट करायचाच असेल तर वर्षभराने पुन्हा वापरता येईल असा थोडा मोठा कर. वाकी नकोच, ती सरळ तोंडात जाते.

रात्रपाळी

काकूंचं झबलं आवडलं. मी लहान मुलांच्या वॉर्डात काम करते, म्हणून एवढंच सांगते की डोक्यावरून काय ओतता ते नीट ठरवा. शेंगदाणे, हरभरे, कडक गोळ्या, हलव्याचे सुटे दाणे, बी असलेली बोरं यातलं काहीही चार-पाच वर्षांखालच्या मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतं. आणि ओतल्यावर सगळी पोरं एकदम तुटून पडतात, तेव्हा कुणाच्या तोंडात काय गेलं हे कुणाला दिसत नाही.

बाळाच्या डोक्यावर फक्त चुरमुरे आणि लाह्या, त्याही वाटीने. बोरं, उसाचे करवे, शेंगा, रेवड्या हे वेगळ्या परातीत ठेवा आणि बाळाला उचलून आत नेल्यावर मोठ्या मुलांसाठी उधळा. उसाचा तुकडा डोक्यात बसला तर चांगलाच लागतो. बाळाला मांडीवर घेणारं माणूस आधी ठरवा आणि त्याच्या हातात मोबाइल देऊ नका.

भवानीपेठ_माग

वहिनी, वाणाचं माझ्यावर सोडा. सोलापुरात राहून वाणाला प्लास्टिकचे डबे लुटायचे म्हणजे काय ओ? आपल्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, आणि आपणच हळदीकुंकवाला कुठली कुठली चाळणी वाटतोय.

टेरीचे छोटे नॅपकिन डझनावर घ्या. किरकोळ दुकानात एकेक उचलू नका, डझनाचा भाव वेगळा असतो. पंचवीस बायका म्हणताय, तर तीन डझन घ्या. ऐनवेळी शेजारीण बहिणीला घेऊन येते, आणि उरले तर घरात लागतातच. घेताना तीन गोष्टी बघा. नॅपकिन उजेडासमोर धरा, वीण विरळ दिसली तर ठेवून द्या. नखाने लवेचा एक फेरा (दोऱ्याचा वेढा) हलकाच ओढा, सरसर निघत आला तर नको. कडेची शिलाई दुमडून मारलीय का बघा, नुसती ओवरलॉक असेल तर चार धुण्यांत धागे लोंबतात. सेकंड मालाला नाक मुरडू नका. त्यात पुष्कळदा एखादा धागा चुकलेला किंवा रंगाची रेघ हललेली असते, पुसायचं काम तो तेवढंच करतो. फक्त वाणाचा माल एकसारखा दिसायला हवा, म्हणून एकाच गठ्ठ्यातला मागा.

देताना बायकांना सांगा की वापरायच्या आधी एकदा-दोनदा धुवा. नव्या टेरीवर कांजी आणि सॉफ्टनर असतं, त्यामुळे पहिल्यांदा पाणी टिपत नाही आणि लवही सुटते. मग बाई म्हणते सोलापुरी माल खराब. खराब नसतो, धुतलेला नसतो.

मागच्या पडद्याला नऊ हजार? घरातली जॅकार्डची, म्हणजे विणीतच नक्षी असलेली चादर काढा, गच्चीच्या दोरीवर ताणून बांधा, खाली दोन्ही टोकांना विटा. त्यावर पतंग टाचणीने लावा. चादर मळखाऊ रंगाची असेल तर पांढरे आणि पिवळे पतंग उठून दिसतात. संपलं की घडी करून पाहुण्यांना पांघरायला द्या.

ऑनलाइनवाला

मला हे सगळं पटत नाही. नोकरी, तान्हं मूल, सासर, आणि वर गाठी मारत बसायचं? तिच्या वेळेला काही किंमत आहे की नाही? दोन क्लिकमध्ये झबलं घरी येतं. स्वस्त म्हणून घरी करायचं आणि तिने रात्री दोनपर्यंत जागायचं, हा हिशेब कुणी मांडत नाही.

बाळीवेसची_काकू

बरोबर बोललास. म्हणून तर वाकी, बासरी, कमरपट्टा सगळं काढून टाकलं ना मी. उरली एक माळ. ती नवऱ्यालाही करता येते, गाठ मारायला बाईचाच हात लागतो असं काही नाही. आणि तुझ्या ऑनलाइन झबल्यावर दाणे कशाने बसवलेत ते आधी उलटून बघ.

कडकभाकरी_दही

खाण्याचं कुणी बोलेना म्हणून मी बोलतो. पावभाजी, इडली यांच्या नादाला लागू नका, दोन्हीला ऐनवेळी माणूस गॅसपुढे लागतो. सोलापुरात कडक भाकरी असताना चिंता कसली?

ज्वारीची आणि तीळ लावलेली बाजरीची अशा दोन्ही घ्या. चाळीस माणसांना पन्नास भाकऱ्या पुरे, कारण सोबत बाकीचं आहे. शेंगा चटणी एक किलो, कुटलेली, तेल सुटलेली. मिक्सरमधली कोरडी भुकटी घेऊ नका, ती घशाला बसते. दही चार किलो, आदल्या रात्री घरीच लावा. पातीचा कांदा, गाजराच्या चकत्या, हवं तर एका पातेल्यात भोगीच्या भाजीसारखी मिसळ भाजी आणि दुसऱ्यात आमटी. दोन्ही सकाळी करून ठेवल्या तरी संध्याकाळी चांगल्याच लागतात. गोडाला शेंगापोळी, चार तुकडे करून. दोन दिवस आधी केलेली किंवा विकत आणलेली चालते, उलट मुरलेली जास्त खुसखुशीत लागते. भाकरी आठवडाभर आधी आणून डब्यात ठेवली तरी काही बिघडत नाही. संध्याकाळी गॅसवर फक्त चहा.

म्हाताऱ्या माणसांना मात्र ताट देताना भाकरी आमटीत मोडून द्या. कवळी असलेल्या माणसापुढे अख्खी कडक भाकरी ठेवणं बरं दिसत नाही. आमटी थोडी जास्तच करा, सगळेच मागतात.

जुळेसोलापूरची_सून

सगळ्यांचे आभार. नवऱ्याला विचारलं, चौदाला तो खरंच मित्रांबरोबर अक्षतेला जाणार होता आणि बोरन्हाणही त्याच दिवशी हवं होतं! २५ तारीख पक्की झाली. सासूबाईंनी पंचांग काढून अमावस्येचं बघितलं आणि "ह्या काकू कोण?" असं दोनदा विचारलं.

हिशेब असा बसतोय: नॅपकिन तीन डझन साधारण पंधराशे, भाकरी-चटणी-दही-पोळी मिळून अडीच हजार, बोरं-ऊस-चुरमुरे-तिळगूळ-सुगडं हजार, कापड आणि हलवा चारशे. पतंग आणि दोरा दोनशेत. म्हणजे चारशे उरतात, ते मी मुद्दाम कुणाला सांगितलेले नाहीत. चादर माहेरची आहे, मोरांची. झबल्याला माझी जुनी काळी ओढणी निघाली, पण कापड फार झिरझिरीत वाटतंय, टाक्यांचा भार घेईल का? आणि काकू, हलवा किती आणू?

बाळीवेसची_काकू

ओढणी एकेरी नको. आतून मऊ सुती अस्तर लाव आणि माळेचे टाके दोन्ही कापडांतून घाल. अस्तर जुन्या धुतलेल्या धोतराचं असेल तर उत्तम, दोऱ्याच्या गाठी लेकराच्या अंगाला टोचत नाहीत. मागे बटणं लावू नकोस, नाड्या लाव आणि त्याही आखूड.

हलवा माळेला पाव किलो पुरतो, तू अर्धा आण. घरी आल्यावर चाळणीने चाळ, मोठे काटेरी दाणे वेगळे काढ. गाळ आणि फुटके दाणे तिळगुळात मिसळून बायकांना दे. आणि पोरगं गाठी मारताना जवळ नको, आजीकडे दे तेवढा वेळ.