निर्वासितांसाठी वेगळे दवाखाने की सरकारी दवाखान्यातच सोय?

पाऊलवाट:
पब्लिक हेल्थ शिकतेय, निर्वासितांच्या आरोग्यसेवेवर लिहायचंय आणि एका प्रश्नावर अडकलेय. लाखो माणसं एकदम आली की यजमान देशानं त्यांच्यासाठी वेगळे दवाखाने काढावेत का आपल्याच सरकारी दवाखान्यात घ्यावं? वेगळे काढले तर पटकन उभे राहतात पण बाहेरचा निधी आटला की बंद पडतात, आणि आपल्यात घेतलं तर आधीच गर्दी, स्थानिक लोक चिडणार. कुठे जमलंय हे?

निशिगंधा:
युगांडा बघ. श्रीमंत देश नाही, पंधरा लाखांवर निर्वासित आहेत, तरी सरकारी केंद्रात निर्वासित आणि गावातले एकाच रांगेत. निर्वासितांच्या नावानं जो पैसा येतो त्यातून औषधं, नर्सेस, बाळंतपणाची सोय जे काही होतं ते गावातल्या बाईलाही मिळतं, मग चिडायचं कारण बरंच कमी होतं. सुरुवातीला मात्र वेगळी सोय लागतेच. २०१७ च्या ऑगस्टपासून सात लाखांच्या आसपास रोहिंग्या म्यानमारमधून बांगलादेशात कॉक्स बाजारला आले तेव्हा कॉलऱ्याची लस छावण्यांत जाऊनच दिली, आणि तरी वर्षअखेरीस घटसर्प पसरला कारण म्यानमारमध्ये त्यांच्या मुलांपर्यंत नेहमीच्या लसी नीट पोचल्याच नव्हत्या.

रानवारा:
भाषेचं पण लिही गं, हे फार मागे पडतं. दुभाषा नसला की घरातलं शाळकरी पोर मध्ये बसवतात, आता आईनं अंगावरून जाण्याचं किंवा नवऱ्याच्या मारहाणीचं त्या पोरासमोर सांगायचं कसं? ती डोकं दुखतं एवढंच सांगते आणि गोळी घेऊन परत जाते. तुर्कस्ताननं निर्वासितांमधल्याच सीरियन डॉक्टर-नर्सना ट्रेनिंग देऊन स्थलांतरितांसाठीच्या आरोग्य केंद्रांत नोकऱ्या दिल्या, मला हा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय वाटतो. बाकी बऱ्याच देशांत असे डॉक्टर लायसन्ससाठी वर्षानुवर्षं ताटकळतात.

पाऊलवाट:
हे डोक्यातच नव्हतं, थँक्यू! आणि फीचं काय, थोडी फी ठेवली तर चालते का?

निशिगंधा:
माझं मत, पहिल्या तपासणीला नकोच. जॉर्डननं २०१४ च्या शेवटी छावणीबाहेरच्या सीरियन लोकांची मोफत सेवा बंद केली, २०१८ मध्ये दर आणखी वाढवले आणि २०१९ मध्ये परत खाली आणले. या लोकांत बीपी-शुगरवाले खूप असतात, पैसे नसले की आधी रोजची गोळी बंद होते कारण तिच्यावाचून लगेच काही दुखत नाही, मग पुढे किडनी किंवा पक्षाघातासाठी थेट मोठ्या हॉस्पिटलला आणावं लागतं आणि तो खर्च कितीतरी जास्त. तू लिहिताना गर्भवती, लहान मुलं आणि हे रोजच्या गोळ्यांवाले असे तीन गट वेगळे धर, प्रत्येकाची अडचण निराळी आहे.