मदत हवी आहे: 'कीन्टन' खेळताना लहान मुलांना उडी मारून झेल कसा शिकवावा?

नमस्कार मंडळी. मी ब्रिस्बेनला राहते. शनिवारच्या मराठी वर्गानंतर अर्धा तास मुलांना मैदानात खेळवायचं काम माझ्याकडे आहे. बारा मुलं, वयं सहा ते आठ. लगोरी झाली, खो-खो झाला. आता कीन्टन सुरू केलंय.

हा क्वीन्सलँडच्या वायव्य भागातल्या अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळनिवासी लोकांचा खेळ. एका संघाने चेंडू आपसात फेकत राहायचा, दुसऱ्याने उडी मारून मधेच अडवायचा. धक्काबुक्की अजिबात नाही. माउंट आयझाकडचे कल्काडून लोक याला कांगारूचा खेळ म्हणत, कारण झेलासाठीच्या उड्या तशाच दिसतात. चेंडू पॉसम, वॉलबी किंवा कांगारूच्या कातड्याचा, दोऱ्याने आवळलेला असे. 'कीन्टन' हा शब्द मात्र केप यॉर्ककडच्या विक-मुंगकन भाषेतला, अर्थ 'खेळ'. ऑस्ट्रेलियन स्पोर्ट्स कमिशनने 2008 साली असे खेळ 'युलुंगा' नावाने एकत्र केले, मी तिथूनच घेतला.

मी जुन्या सुती ओढणीत चिंध्या भरून चेंडू शिवला, आबाधुबीला करायचो तसा. लागत नाही, तरी एक सहा वर्षांची मुलगी चेंडू आला की डोळे गच्च मिटून मान फिरवते. बाकीची लहान मुलं चेंडू डोक्यावरून गेल्यावर उडी मारतात. मग सगळे झेल दोन मोठ्या मुलांकडेच जातात. मागच्या शनिवारी उडी काढून टाकली, उभ्यानेच झेलायला लावलं. झेल सुधारले, पण खेळातला जीवच गेला. मुलं नुसती उभी! मला उडी परत हवी आहे.

पीटी शिकवणारं किंवा लहान मुलांना खेळवणारं कोणी आहे का इथे? उडी आणि झेल यांचा मेळ आधी वेगवेगळा बसवून घ्यावा, की खेळता खेळताच येतो? फुग्यावर सराव केला तर चालेल? सहा-सहाऐवजी तीन-तीनचे संघ करून पाहू का?

आणखी एक. खेळ कोणाचा आहे हे मुलांना नीट सांगायचंय. ब्रिस्बेन ही टरबल आणि जगेरा लोकांची भूमी, कल्काडून इथून अठराशे किलोमीटरवर. इथल्या शाळांमध्ये हे खेळ घेताना स्थानिक ज्येष्ठांना कसं विचारतात, कोणी केलंय का? पुढच्या शनिवारच्या आत कळलं तर फार बरं होईल.