गावातून चौपदरी की बायपास? तिन्ही पर्यायांना वाहतुकीचा एकच अंदाज कसा चालेल?

घाटमाथा:
तालुक्याच्या गावातून जाणाऱ्या दुपदरी राज्य मार्गाचा अहवाल तपासतोय. गावातली लांबी ५.५ किमी, डांबरी रुंदी ७ मीटर, मध्यावर एसटी स्टँड, गावाबाहेर साखर कारखाना. पर्याय तीन आहेत: आहे त्याच रस्त्याला पेव्हड शोल्डर (कडेच्या पक्क्या पट्ट्या) आणि चौकांची सुधारणा, गावातूनच दुभाजकासह चौपदरी, किंवा ७.५ किमीचा बायपास. जानेवारीत सात दिवस चोवीस तास वर्गवार मोजणी झाली, सरासरी रोज साधारण १४,४०० पीसीयू (सगळी वाहनं कारच्या एककात मोजून). त्यावर दरसाल ७.५ टक्के वाढ लावून १५ वर्षांचा तक्ता केलाय आणि तोच तिन्ही पर्यायांना चिकटवलाय. बायपाससाठी फक्त ‘६० टक्के वाहतूक वळेल’ असं एक वाक्य आहे. कुठून दुरुस्ती सुरू करावी?

मोजणीदार:
आधी पायाभूत आकडा. जानेवारी म्हणजे ऐन गाळपाचा हंगाम. आयआरसी ६४ (इंडियन रोड्स काँग्रेसचं खुल्या, ग्रामीण रस्त्यांच्या क्षमतेचं मानक) प्रमाणे ट्रॅक्टर-ट्रॉलीला ४.५ आणि बैलगाडीला ८ पीसीयू. रोजच्या ४०० ट्रॉल्या धरल्या तर नुसते त्यांचेच १,८०० पीसीयू होतात, आणि पावसाळ्यात त्यातलं जवळपास काहीच रस्त्यावर नसतं. कारखान्याकडून गाळपाचे दिवस घ्या. १२० दिवस असतील तर वर्षाची सरासरी ४०० गुणिले १२० भागिले ३६५, म्हणजे १३० च्या आसपास ट्रॉल्या. एवढ्यानेच पायाभूत आकडा १,२०० पीसीयूने उतरतो. बाकी वाहनांना हंगामी गुणक लावायचा तो मार्गावरच्या तीन-चार पंपांच्या महिनावार विक्रीवरून, पेट्रोल आणि डिझेल वेगवेगळं. जवळ टोल नाका असेल तर त्याची महिनावार आकडेवारी अधिक भरवशाची.

गावातल्या लांबीला आयआरसी ६४ लावलंय का तेही बघा. दाट वस्तीत शहरी रस्त्यांचं आयआरसी १०६ लागतं. तिथे क्षमता दिवसाची नसून गर्दीच्या तासाची असते आणि गुणकही वेगळे. दुचाकी एकूण वाहनांच्या १० टक्के किंवा जास्त असतील तर ०.७५ धरतात, ०.५ नाही. एका तक्त्यातले पीसीयू आणि दुसऱ्यातली क्षमता अशी सरमिसळ अहवालांत सर्रास सापडते.

आता बायपासचा खरा प्रश्न: आरपार जाणारी वाहतूक किती? गावाच्या दोन्ही टोकांना नंबरप्लेटचं व्हिडिओ चित्रीकरण करा, २४ तास. पूर्ण नंबर टिपा. नुसते शेवटचे चार आकडे घेतले आणि जुळणीच्या वेळेत समोरून शंभर वाहनं गेली असतील, तर दर शंभरात एखादी जुळणी निव्वळ योगायोगाची निघते. एका टोकाला ७० टक्के आणि दुसऱ्याला ७० टक्के प्लेट वाचता आल्या तर जुळण्या खऱ्याच्या ४९ टक्केच दिसतील. म्हणून आकडा ०.४९ ने भागायचा. हे राहून गेलं की आरपार वाहतूक निम्मी दिसते आणि चांगला बायपास कागदावरच मरतो. स्टँडवर थांबणाऱ्या एसटी आणि कारखान्याच्या ट्रॉल्या आरपार धरू नका.

चौफुला:
तिन्ही पर्यायांना एक तक्ता का चालत नाही, ते त्याच आकड्यात दिसतंय. १५ वर्षं ७.५ टक्के म्हणजे २.९६ पट, म्हणजे सुमारे ४२,६०० पीसीयू. सपाट भागातल्या दुपदरी रस्त्याला आयआरसी ६४ प्रमाणे १५,००० पीसीयूचं संकल्पित प्रमाण, १.५ मीटरच्या पेव्हड शोल्डरने १५ टक्के वाढून १७,२५०. हे प्रमाण सेवास्तर ‘ब’चं, म्हणजे वाहतूक बऱ्यापैकी सुरळीत चालते त्या पातळीचं, कमाल क्षमतेच्या साधारण निम्मं. म्हणजे मोकळ्या रस्त्यावरसुद्धा ३०-३५ हजारांपुढे जागाच नाही, आणि हा तर बाजारातून जातो. पहिल्या पर्यायात ४२,६०० लिहिणं म्हणजे न मावणारी वाहनं मोजणं. तिथे ती आडरस्त्यांना लागतील, वेळ बदलतील किंवा येणारच नाहीत. मग फायद्याच्या हिशेबात हीच न मावणारी वाहनं तासन्‌तास अडकलेली दाखवतात, आणि तुलनेत उरलेले दोन्ही पर्याय अवास्तव आकर्षक होतात.

वळणुकीचं गणित असं करा. आज गावात वेग २० किमी म्हणजे ५.५ किमीला १६.५ मिनिटं. बायपासवर ६० च्या वेगाने ७.५ मिनिटं. वाचली ९ मिनिटं, अंतर २ किमी जास्त. कारसाठी कॅलिफोर्निया वक्र (वाचलेला वेळ आणि अंतर यांवरून किती टक्के वळतील ते सांगणारं सूत्र) लावला तर सुमारे ७७ टक्के वळतात. पण तेवढ्या वळल्या की गावातला रस्ता मोकळा होतो. तिथे वेग २७ झाला तर १२.२ मिनिटं लागतात, बचत उरते ४.७ मिनिटं, आणि वक्र सांगतो ६३ टक्के. खरं उत्तर या दोहोंच्या मध्ये, सत्तरच्या आसपास. प्रत्येक फेरीत मागची आणि नवी टक्केवारी यांची सरासरी घेऊन वेग पुन्हा काढा, फरक एक-दोन टक्क्यांत आला की थांबा.

आणि हे ७० टक्के फक्त आरपार जाणाऱ्यांचे. आरपार वाटा ४५ टक्के निघाला तर एकूण वाहतुकीच्या ३१-३२ टक्केच बायपासवर जाते. अहवालातले ६० टक्के कशाचे, हा पहिला प्रश्न विचारा. हा वक्र अमेरिकेतल्या कारचालकांवरून बेतलेला आहे, ट्रक आणि दुचाकीला तो लावू नका. ट्रकला गावात प्रवेशबंदी होणार असेल तर आरपार ट्रक जवळजवळ सगळे वळतील.

घाटमाथा:
सगळं टिपून घेतलं. ७.५ टक्क्यांचं काय करू? आणि डांबरी थराची जाडी यातल्या कोणत्या आकड्यावर धरायची?

मोजणीदार:
वाढीचा दर वाहनप्रकारागणिक वेगळा हवा. आयआरसी १०८ ची पद्धत वापरा: नोंदणीकृत वाहनं आणि स्थूल राज्य उत्पन्न, दोन्हींचे लॉगरिदम घेऊन लवचिकता (उत्पन्न एक टक्का वाढलं की वाहनं किती टक्के वाढतात) काढायची, मग ती उत्पन्नाच्या अपेक्षित वाढीला गुणायची. राज्याच्या आर्थिक पाहणीत दोन्ही मालिका मिळतात. उत्पन्न स्थिर किमतींचंच घ्या, नाहीतर महागाई वाढीत मिसळते. आधार वर्ष बदललं तिथे मालिका जोडून घ्या. २०२०-२१ ची कोविडमधली घसरण वगळा. लवचिकता दर पाच वर्षांनी उतरती ठेवा, दुचाकीची तर लवकर. जुनी मोजणी वापरत असाल आणि रस्ता समृद्धीच्या पट्ट्यात असेल तर सावध राहा. नागपूर–शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि पूर्ण मार्ग जून २०२५ मध्ये खुला झाला, त्याआधीचे लांब पल्ल्याचे ट्रक आता त्याच वाटेवर असतील असं नाही. ५ टक्के दरानेही एक तक्ता करा: १५ वर्षांत २.०८ पट. २.०८ आणि २.९६ या दोन्ही टोकांना जो पर्याय टिकतो त्यालाच वजन द्या.

चौफुला:
जाडी पीसीयूवर धरायची नाही. आयआरसी ३७ प्रमाणे फक्त व्यापारी वाहनं आणि त्यांच्या आसभाराच्या प्रत्यक्ष मोजणीवरून आलेला व्हीडीएफ (एक वाहन किती प्रमाणित आसांइतकं नुकसान करतं तो गुणक). दुपदरीला दोन्ही दिशांच्या एकूण व्यापारी वाहनांच्या ५० टक्के, चौपदरी दुभाजित रस्त्याला त्या-त्या दिशेच्या ७५ टक्के. बायपासवर वाहनं कमी पण जड ट्रक जवळपास सगळे, म्हणून तिथे पीसीयू कमी आणि एमएसए (रस्त्याच्या आयुष्यातले प्रमाणित आस, दशलक्षांत) जास्त येईल. उलट बायपास झाल्यावर गावातल्या रस्त्याचा एमएसए बराच उतरतो. तिथला थर आजच्या ट्रकसंख्येवर ठरवला तर पैसा नको तिथे जिरतो, पण हंगामातल्या ट्रॉल्या तिथेच राहणार असतील तर त्या मात्र हिशेबात ठेवा.