‘स्वतःच्या विनंतीवरून’ झालेला डिस्चार्ज बदलून डिसेबिलिटी पेन्शन मागणे योग्य आहे काय?

मूळ मांडणी : माजी जवानाचा धाकटा भाऊ, सातारा जिल्हा

माझा दादा १९९५ साली तोफखान्यात भरती झाला आणि अकरा वर्षांच्या नोकरीनंतर, २००६ च्या डिसेंबरात घरी परतला. भरतीच्या तपासणीत तो पूर्ण तंदुरुस्त ठरला होता. परतला तेव्हा त्याला दोन्ही कानांनी नीट ऐकू येत नव्हते आणि त्याची मेडिकल कॅटेगरी, म्हणजे लष्कराने ठरवलेली तंदुरुस्तीची श्रेणी, कायमची खाली आलेली होती. या कॅटेगरीला झेपेल असे काम युनिटमध्ये नाही, तेव्हा तूच नोकरी सोडण्याचा अर्ज दे म्हणजे कागद लवकर हलतील, असे त्याला सांगण्यात आले आणि त्याने सही केली. डिस्चार्ज बुकात कारण पडले ते ‘स्वतःच्या विनंतीवरून’. पेन्शनला लागणारी १५ वर्षे भरली नव्हती. हाती आलेली ग्रॅच्युइटी धाकट्या बहिणीच्या लग्नात आणि विहिरीवरच्या मोटारीत संपली.

माझे म्हणणे असे आहे की, ही नोंद बदलून डिसेबिलिटी पेन्शन, म्हणजे सेवेमुळे आलेल्या अपंगत्वासाठीची पेन्शन, मागणे म्हणजे मेहेरबानी मागणे नव्हे. दादा सुटला तेव्हा लागू असलेल्या, या पेन्शनसाठीच्या १९८२ च्या पात्रता नियमांतील चौथा नियमच सांगतो की, कायमच्या खालच्या कॅटेगरीतील ज्या जवानाला त्याच्या प्रकृतीला योग्य असे दुसरे काम देता येत नाही म्हणून सोडले जाते, तो वैद्यकीय कारणाने बाहेर पडला असेच मानले जाईल. नियम एवढा स्पष्ट असताना एका ओळीच्या अर्जाने तो पुसला जावा, हे मला पटत नाही. आजही आई त्याला जेवायला हाक मारत नाही. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहते.

निवृत्त मेजर, पुणे

आपल्या बंधूंबद्दल मला सहानुभूती आहे, पण आपल्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. सही ही सही असते. सेवेत असताना मी असे अनेक अर्ज पाहिले आहेत, ज्यांत जवानाला शेती, आजारी वडील किंवा बाहेरची नोकरी अशा कारणांसाठी खरोखरच घरी जायचे होते. त्यांतील प्रत्येकाने पुढे पंधरा वर्षांनी ‘माझ्यावर दबाव होता’ असे म्हटले, तर त्याची शहानिशा कोणी आणि कशी करायची? वैद्यकीय मंडळाच्या मताला प्राधान्य द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने दामोदरन प्रकरणात २००९ मध्ये सांगितलेले आहे. रक्तदाब आणि मधुमेह यांसाठीही सर्रास दावे होऊ लागले, म्हणूनच २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे, अधिक काटेकोर नियम आले, असे माझे मत आहे. दार सैल ठेवले तर सीमेवर पाय गमावलेल्या जवानाच्या दाव्याकडेही संशयाने पाहिले जाईल, आणि मला खरी काळजी त्याची वाटते.

वकील, मुंबई (लष्करी पेन्शनची प्रकरणे चालवतो)

मेजर साहेब, दामोदरन प्रकरण आपण सांगितले, पण त्यानंतर जुलै २०१३ मध्ये आलेला धरमवीर सिंग यांचा निकालही पाहावा लागेल. ते सिग्नल्सचे शिपाई होते आणि फेफऱ्याच्या आजारामुळे त्यांना बोर्ड आऊट, म्हणजे वैद्यकीय मंडळामार्फत सेवेतून बाहेर, करण्यात आले होते. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असे गृहीत धरावे, उलट सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची आहे, आणि आजाराचा सेवेशी संबंध नाही असे म्हणणाऱ्या मंडळाने त्याची कारणे लिहिलीच पाहिजेत, असे त्यात ठरले. त्याआधी २००८ मध्ये राजपाल सिंग प्रकरणात न्यायालयाने म्हटले होते की, खालच्या कॅटेगरीतील माणसाला इनव्हॅलिडिंग बोर्डासमोर (सेवेस अपात्र ठरवणाऱ्या वैद्यकीय मंडळासमोर) न नेता परस्पर डिस्चार्ज करता येत नाही.

मूळ लेखकांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. उशीर झाला म्हणून दावा बुडत नाही, पण तरसेम सिंग निकालानुसार थकबाकी साधारणपणे दाव्यापूर्वीच्या तीन वर्षांचीच मिळते. दुसरी गोष्ट अधिक निकडीची आहे : पेन्शन नसलेल्या जवानाची कागदपत्रे २५ वर्षांनी नष्ट केली जातात. माहिती अधिकारात वैद्यकीय कागद आताच मागवा. शिवाय १ जानेवारी २००६ नंतर स्वेच्छेने बाहेर पडलेल्यांनाही अपंगत्वाचा घटक (डिसेबिलिटी पेन्शनमधला अपंगत्वापोटी मिळणारा भाग) देण्याचे पत्र संरक्षण मंत्रालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी काढले आहे. अपंगत्व सेवेमुळे आलेले असेल तर नोंद न बदलताही हा मार्ग खुला राहू शकतो.

निवृत्त सुभेदार, सांगली

माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. खालच्या कॅटेगरीतील जवानाला स्टोअरमध्ये, कार्यालयात किंवा लंगरच्या हिशेबावर सांभाळून घेऊन त्याची १५ वर्षे पुरी करून देणारे कमांडिंग ऑफिसर मी जवळून पाहिले आहेत. प्रत्येक डिस्चार्ज पुढे कोर्टात उकरला जाणार असेल, तर युनिट अशी माणसे ठेवून घेण्याऐवजी लगेच बोर्डासमोर उभी करतील. त्यात नुकसान जवानाचेच आहे.

मूळ लेखक

सुभेदार साहेब, आपण म्हणता तसे अधिकारी दादाला लाभले असते, तर मला हे लिहावेच लागले नसते. मेजर साहेबांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र कागदांतच आहे. ज्याला शेतीसाठी जायचे होते त्याची कॅटेगरी अर्जाच्या दिवशी वरची असेल. दादाची त्याआधीच कायमची खाली आलेली होती. या दोन तारखा शेजारी ठेवल्या, तर अर्ज कशामुळे आला हे कुणाचा शब्द न मानताही दिसते. तोफ उडताना कानात कापूस घालून उभे राहत होतो, एवढेच तो सांगतो. दबावाचा शब्द त्याने आजवर उच्चारलेला नाही, तो माझा आहे.

वकील साहेबांच्या हिशेबाने आमच्याकडे २०३१ पर्यंतच वेळ आहे. रेकॉर्ड ऑफिसला पाठवायच्या अर्जाचा मसुदा काल रात्री दादाच्या हातात दिला. त्याने तो दोनदा वाचला, ‘नम्र विनंती’ हे शब्द खोडून ‘मागणी’ असे लिहिले आणि मग सही केली.