मदत हवी आहे: स्टुलातून पीठ गळतंय, लिक्टस (लाकूड पोखरणारा भुंगा) अजून जिवंत आहे का?

लाकडी स्टुलाच्या दोन पायांना टाचणीच्या डोक्याएवढी, साधारण १-२ मिमीची गोल भोकं पडलीत आणि खाली मैद्यासारखं पीठ साचतं, बोटांत चोळलं तर अजिबात खरखरत नाही म्हणून मला लिक्टस जातीचा भुंगा वाटतोय. वाळवी नाही, माती कुठेच नाही. भोकं फक्त सालीकडच्या फिकट पट्ट्यातच आहेत, गाभ्याचा गडद भाग धड आहे (अळी जो स्टार्च खाते तो तिथे नसतो म्हणे, चोखंदळ प्राणी!).

आतापर्यंत भोकांत सिरिंजने रॉकेल सोडलं, मेणाने बुजवली, पायाखाली काळा कागद ठेवलाय. तीन आठवड्यांत नवीन भोक एकही नाही, पण स्टूल हलवलं की कागदावर चिमूटभर पीठ पडतंच. फ्रीजरमध्ये मावत नाही, घरात रांगतं बाळ आहे त्यामुळे जहाल औषध नको. पॉलिश जुनं पण शाबूत आहे, बोरेट (लाकडातली कीड मारणारं बोरॉनयुक्त औषध) त्यावरून आत मुरत नाही एवढं वाचलंय.

तर हे पीठ जुन्या बोगद्यांतलंच झडतंय की आत अळी अजून खातेय, हे लाकूड न फोडता कसं ओळखायचं? आणि अळी असेल तर पूर्ण पॉलिश खरवडूनच बोरेट लावावं लागेल का?